वर्षभराची फुले आपल्याच अंगणात

औरंगपुऱ्यात महात्मा फुले यांच्या पुतळ्याला 28 नोव्हेंबरला वाहिलेला हार सायंकाळपर्यंत टवटवीत असतो. 11 एप्रिलला वाहिलेला हार दुपारीच माना टाकतो. फुले बहुधा तीच असतात, ऊन मात्र वेगळे असते. ज्यांना हे हार वाहिले जातात त्यांचे आडनावही फुलांवरूनच आलेले आहे. हे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय सुरू झाला आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. त्याच घराण्यातील जोतीरावांनी 1868 मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. फुलबागेविषयी लिहिताना आम्ही पाण्यापासून सुरुवात करीत आहोत, ती याच स्मरणाने.

आपल्यापैकी बहुतेकांच्या पणजोबांच्या घरापुढे फुलबाग नव्हती. जिथे तहानेसाठी पाणी मिळायला कोणीतरी वरून ओंजळीत ओतण्याची वाट पाहावी लागे, तिथे रोपाला पाणी घालण्याचा विचार कोणाच्या मनात येणार? 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या काळातील माणसांची नातवंडे-पतवंडे आज सिडको, हडको, पडेगाव येथे स्वतःच्या घरात राहतात, आणि घर बांधून झाले की त्यांना पहिली हौस होते ती दारात चार कुंड्या ठेवण्याची. ही हौस आम्हांला फार मोलाची वाटते. म्हणूनच ती एप्रिलमध्ये करपून जाऊ नये, असेही वाटते.

करपते का, याचे कारण साधे आहे. डिसेंबरात रोपवाटिकेत गेल्यावर पिटुनिया, पॅन्सी, डेलिया इतक्या मोहक दिसतात की माणूस रंग पाहून रोप उचलतो. ही हिवाळी फुले आहेत. आपल्या उन्हाळ्यात ती तगत नाहीत. पारा 40 अंशांच्या वर जाणारे हे शहर. वर्षाचा पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत पडून जाणारा. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खापरी नळांतून नहरीचे पाणी शहरात खेळवले. पुढे जायकवाडीचा नाथसागर आला. तरीही आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, हे वाचकांना सांगायला नको. अशा गावात झाड निवडताना आधी ऊन पाहावे, मग पाणी, मग ऋतू, आणि रंग सर्वांत शेवटी. गंमत अशी की या क्रमाने गेल्यास रंग कमी पडत नाहीत.

जागा पाहताना एक दिवस सकाळी, दुपारी आणि चार वाजता घराभोवती फिरून ऊन कुठे किती वेळ असते, ते टिपून ठेवावे. बहुतेक फुलझाडांना निदान पाच-सहा तास ऊन लागते. औरंगपुरा-गुलमंडीच्या दाट वस्तीत पुष्कळांचे अंगण म्हणजे जिन्याजवळचा तुकडा नाहीतर गच्चीचा कठडा. जिन्याजवळच्या अर्धवट सावलीत अबोली उत्तम येते. पश्चिमेच्या भिंतीलगत मात्र मे महिन्यात भट्टीच असते. तिथे बोगनवेल किंवा कण्हेर यांखेरीज काही लावू नये. गच्चीवरच्या कुंडीत नुसती काळी माती भरणे टाळावे. ती पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात, आणि वाळली की भेगाळून कुंडीच्या कडांपासून सुटते. गाळाची माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि वाळू एक भाग, हे मिश्रण पुरेसे आहे. ज्यांच्या भूखंडावर मुरूम आहे त्यांनी दीड फूट खोल खड्डा घेऊन हेच भरावे. चुनखडीच्या जमिनीत नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून बाकीचे पान पिवळे पडते. ती लोहाची कमतरता असते, पाण्याची नव्हे. तिथे आणखी पाणी घालून उपयोग होत नाही. कुजलेले खत वाढवावे.

आता ऋतूंचा विचार. आपल्याकडे वर्षभर फुले लागतात. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिन, 6 डिसेंबर, 3 जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, एप्रिलमधील दोन जयंत्या आणि वैशाखातील बुद्धपौर्णिमा. ही दिनदर्शिका समोर ठेवून झाडे निवडली तर बारा महिन्यांची बाग आपोआप आखली जाते.

जुलैच्या आरंभी झेंडूचे बी पसरट भांड्यात टाकावे. तीन-चार आठवड्यांनी रोपे वाफ्यात किंवा दहा इंची कुंडीत लावावीत. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. आपल्या शाळेतील लहान मुलांना हे काम सर्वांत अवघड जाते. आपण वाढवलेल्या रोपाचे टोक तोडायचे, हे त्यांना पटत नाही. पण शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी आठ-दहा येतात. हा झेंडू दसऱ्याच्या सुमारास भरात असतो. 14 ऑक्टोबर 1956 ला अशोक विजयादशमीच होती, तेव्हा या वाफ्याचे प्रयोजन निराळे सांगायला नको. झेंडूच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींना मारक असतात, म्हणून वांगी-टोमॅटोच्या शेजारी त्याची एक ओळ ठेवणे शहाणपणाचे. पावसाळ्यात तेरडाही टाकावा. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण त्याच्यावर थोडा अन्यायच करते. बी दाट टाकले तर तो महिना-दीड महिना अंगण भरून ठेवतो, आणि पिकलेली बोंडे बोट लावताच फुटतात म्हणून मुलांचा आवडता.

6 डिसेंबरसाठी शेवंती. हिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक तक्रारी हिच्याच असतात. शेवंती रात्रीची लांबी मोजते. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती कळ्या धरते. सज्जातल्या कुंडीवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल तर झाडाला रात्र झाल्याचे कळतच नाही. पाने उदंड, फूल नाही. लोक खत घालत राहतात. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवणे हाच उपाय, आणि तो सप्टेंबरातच करावा. बहर संपल्यावर झाड जमिनीलगत छाटावे; बुडाशी फुटवे येतात, ते मुळांसह वेगळे करून पुढील वर्षाची रोपे होतात. एकदा घेतलेली शेवंती पुन्हा विकत घ्यावी लागत नाही.

गुलाबाची छाटणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात करावी. साधारण दीड-दोन महिन्यांत, म्हणजे डिसेंबरअखेर ते 3 जानेवारीपर्यंत, पहिला बहर हाती येतो. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट दिसताच काढावी. ती खुंटाची असते, आणि ठेवली तर वरचा चांगला गुलाब मारून टाकते. झिनिया, कॉसमॉस, कॅलेंडुला यांचे बी ऑक्टोबरात टाकले की हिवाळा रंगीत होतो. त्यांना विशेष काही लागत नाही.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. या दोन महिन्यांत बोगनवेलीला पर्याय नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपण जिला फूल म्हणतो ती तिची रंगीत पाने असतात. खरे फूल मधोमध असलेली पांढुरकी बारीक नळी. तिला थोडा ताण सोसवतो, नव्हे, मानवतो. माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे. रोज पाणी आणि भरपूर खत मिळाले की ती नुसती हिरवी माजते. फुले नव्या फांदीवर येतात, म्हणून बहर ओसरला की छाटावे. काटे असल्यामुळे वाटेच्या कडेला लावू नये. तिच्या जोडीला सदाफुली आणि गुलबक्षी. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमारास उमलते; तिचा गड्डा जमिनीत राहतो, वरचे झाड वाळले तरी पावसात पुन्हा येते. बुद्धपौर्णिमेच्या वंदनेसाठी शुभ्र फुले हवीत, तर मोगरा. जानेवारीअखेर त्याचे पाणी तोडून झाड हलके छाटावे, मग खत-पाणी द्यावे. चैत्र-वैशाखात तो ओंजळी भरून देतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत कमळे पाहावी तितकी. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या हातीही कमळच आहे. झेंडू मात्र तिथे कुठेच सापडणार नाही, कारण तो मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे भारतात आला. बोगनवेल दक्षिण अमेरिकेतील, नाव एका फ्रेंच दर्यावर्द्याचे. गुलबक्षीही तिकडचीच. सदाफुली मादागास्करची, शेवंती चीनची. ज्या झेंडूवाचून आज कोणाचे तोरण बांधले जात नाही, तो पाच-सहाशे वर्षांपूर्वी या देशात कोणालाच ठाऊक नव्हता. परंपरेच्या नावाने शुद्ध-अशुद्ध ठरवणाऱ्यांनी या फुलांची कुळकथा कधी विचारलेली दिसत नाही.

निवडताना काही सावधगिरीही हवी. कण्हेर पाण्यावाचून तगते, म्हणूनच ती महामार्गांच्या दुभाजकांत दिसते. पण तिचे पान, फूल, बी सारेच विषारी. घरात रांगते मूल असेल तर ती लावू नये. सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरील औषधे मिळाली, हे खरे. म्हणून मधुमेहावर तिची पाने चावून खाणे हे मात्र धोक्याचे आहे. ती औषधे कारखान्यात शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. घाणेरी कितीही रंगीत दिसली तरी अंगणात आणू नये. ती पक्ष्यांवाटे माळरानात पसरते आणि गवत खाऊन टाकते. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावे.

पाण्याविषयी शेवटचे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी सरळ कुंडीत जाऊ द्यावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षारमुक्त असते, तेही चालते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र क्षारांनी भरलेले असते; ते कुंड्यांना सतत दिल्यास पानांच्या कडा जळतात, तेव्हा त्याने फरशी पुसावी. मोरीचे पाणी बाहेर जाते तिथे कर्दळ लावावी. तिला ओल आवडते, आणि लाल-पिवळ्या फुलांनी ती जागा झाकली जाते. उन्हाळ्यात कुंडीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटे थर द्यावा आणि पाणी सूर्य मावळल्यावर घालावे. अशा कुंडीला रोज पाणी लागत नाही. एक दिवसाआड पुरते.

झेंडू आणि झिनियाची चांगली फुले झाडावरच वाळू द्यावीत, पाकळ्या चुरून बी काढावे, सावलीत आठवडाभर वाळवून कागदी पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर वर्ष लिहावे. संकरित रोपांचे बी पुढील वर्षी तसेच निघत नाही, तेव्हा बी गावठी झाडांचेच धरावे. वर्षावास सुरू होण्याच्या आधी ही पाकिटे शेजाऱ्यांना द्यायला हाताशी असलेली बरी.