सिकलसेलच्या दोन गोळ्या आणि डीएनएची नक्कल

सावनेर, केळवद, खापा, पाटणसावंगी या पट्ट्यात सिकलसेल म्हणजे काय हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. एएस पॅटर्न म्हणजे वाहक आणि एसएस पॅटर्न म्हणजे पीडित, हे विदर्भात शाळा न शिकलेल्या आजीलाही माहीत असतं. मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीची शुक्ला आणि सोळंकी यांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये 1958 साली छापून आली. त्याच वर्षी अमेरिकेत मेसेलसन आणि स्टाल यांनी पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते हे प्रयोगाने दाखवून दिलं. दुहेरी साखळीच्या दोन पट्ट्या सुट्या होतात आणि प्रत्येक जुन्या पट्टीच्या आधाराने समोर नवी पट्टी बांधली जाते. आज एसएस रुग्णाच्या घरात फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया अशा दोन गोळ्या असतात. दोन्हींचं काम याच नकलेच्या कारखान्यात चालतं. हे कोणी नीट सांगत नाही. मग शेजारी कोणीतरी काहीतरी बोलतं आणि गोळी बंद होते. म्हणून हे लिहायला हवं.

पहिला गैरसमज असा, की रुग्णाच्या शरीरात डीएनएची नक्कल चुकीची होते, म्हणून आजार होतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकात एका ठिकाणी डीएनएच्या ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आलेलं असतं. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. हा बदल रुग्णाच्या शरीरात घडत नाही. तो फार पूर्वी कोणा पूर्वजात घडला आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या इमानेइतबारे उतरवला जातो आहे. मलेरियाच्या मुलखात वाहकांना त्याचा फायदा झाला, म्हणून तो टिकला. एसएस मुलाच्या पेशी आईवडिलांकडून आलेलं अक्षर जसंच्या तसं उतरवतात. त्यांच्या नकलेच्या यंत्रणेत काहीही खोट नसते.

ही यंत्रणा किती काटेकोर आहे ते बघा. नवी पट्टी बांधणारं पॉलिमरेज हे एन्झाइम साधारण लाखात एखादं अक्षर चुकीचं बसवतं. चुकीचं अक्षर बसलं की ते तिथेच थबकतं, मागे येतं, ते काढून टाकतं आणि बरोबर अक्षर लावतं. त्यातूनही सुटलेल्या चुका दुरुस्तीची प्रथिनं मागाहून शोधून काढतात. शेवटी अब्ज अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक उरते. एका पेशीत सहा अब्जांच्या आसपास अक्षरांच्या जोड्या असतात. म्हणजे पेशीच्या एका विभाजनात राहणाऱ्या चुका बोटांवर मोजता येतील एवढ्याच.

नक्कल एका टोकापासून सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते, असंही अनेकांना वाटतं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून तसंच वाटणार. पण हिशेब करून पाहा. माणसाच्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे 25 कोटी जोड्या आहेत आणि नक्कल सेकंदाला साधारण 50 जोड्यांच्या वेगाने सरकते. मधल्या एकाच ठिकाणाहून दोन्ही बाजूंना काम सुरू केलं, तरी ते पुरं व्हायला जवळपास महिना लागेल. प्रत्यक्षात पेशी सगळी नक्कल सुमारे आठ तासांत उरकते. लांब रस्त्याचं काम जसं ठिकठिकाणी तुकड्या लावून एकाच वेळी सुरू करतात, तशी इथे हजारो ठिकाणांहून सुरुवात होते आणि तुकडे एकमेकांना येऊन मिळतात. या सुरुवातीच्या जागांना आरंभस्थानं म्हणतात. माणसातलं आरंभस्थान म्हणून ज्यांचा सर्वांत आधी बारकाईने अभ्यास झाला, त्यांतलं एक बीटा-ग्लोबिन जनुकाच्या अगदी लगत आहे. म्हणजे सिकलसेलचं अक्षर जिथे आहे त्याच परिसरात. शिवाय ज्या पेशींतून लाल पेशी तयार होतात त्यांत या भागाची नक्कल लवकर होते, इतर पेशींत उशिरा. कुठल्या पेशीला कुठलं जनुक वापरायचं आहे, यावर त्याच्या नकलेची वेळही अवलंबून असते. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

इतक्या ठिकाणी एकदम काम सुरू झाल्यावर एखादा भाग दोनदा उतरवला गेला तर? तसं होऊ नये म्हणून आरंभस्थानावर एमसीएम नावाची प्रथिनं आधीच, नक्कल सुरू व्हायच्या आधीच्या टप्प्यात बसवली जातात. हाच त्या जागेचा परवाना. नक्कल सुरू झाली की सीडीके एन्झाइमं आणि जेमिनिन हे प्रथिन नवा परवाना मिळू देत नाहीत. त्यामुळे एका विभाजनामागे प्रत्येक भाग एकदाच उतरवला जातो. मध्येच कच्चा माल कमी पडला किंवा डीएनए तुटला, तर तपासणी करणारी प्रथिनं उरलेलं काम थोपवून धरतात. पेशी सदासर्वकाळ नक्कल करत असते हा समजही खोटा आहे. मेंदूतल्या बहुतेक पेशी आयुष्यभर पुन्हा नक्कल करत नाहीत. अस्थिमज्जेत मात्र हे काम रात्रंदिवस चालू असतं.

आता गोळ्यांकडे येऊ. ‘आजार लाल पेशींचा आणि लाल पेशीत तर डीएनएच नसतो, मग डीएनएवरच्या औषधाचा उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे. रक्तात फिरणाऱ्या लाल पेशीत केंद्रक नसतं हे खरं. पण ती अस्थिमज्जेत तयार होताना तिच्या पूर्वज पेशी पुन्हा पुन्हा विभागतात आणि दर वेळी पूर्ण डीएनए उतरवतात. निरोगी माणसात सेकंदाला वीसेक लाख नव्या लाल पेशी तयार होतात आणि साधारण 120 दिवस टिकतात. कोयत्यासारखी वाकणारी सिकल पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. ही तूट भरून काढायला एसएस रुग्णाच्या मज्जेला नकलेचं काम कितीतरी पट वाढवावं लागतं. डीएनएतलं थायमिन हे अक्षर तयार करायला फोलेट लागतं. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी. तिला ताकदीची गोळी म्हणतात, पण ती कच्चा माल पुरवते.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो हायड्रॉक्सीयुरियाविषयीचा गैरसमज: ‘हे कॅन्सरचं औषध, लेकराला कशाला?’ हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांत वापरलं जातं, हे खरं आहे. डीएनएची चारही अक्षरं ज्या एन्झाइममुळे तयार होतात, त्याला ते आवर घालतं. माल कमी पडला की वेगाने विभागणाऱ्या पेशींत नक्कल मंदावते. सिकलसेलमध्ये ते मोजून-मापून दिलं जातं. या मर्यादित दाबामुळे मज्जेत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि ते सिकल हिमोग्लोबिनच्या रेणूंना एकमेकांना चिकटू देत नाही. अमेरिका आणि कॅनडात 299 प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1995 मध्ये आले. औषधाविना गोळी घेणाऱ्यांत वेदनेच्या झटक्यांचं वर्षाचं मध्यक प्रमाण साडेचार होतं, तर हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांत अडीच. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांवर कमी, ठरावीक मात्रेचा अभ्यास केला आणि तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. कमी मात्रेतही आपल्याकडच्या मुलांना चांगला फायदा झाला. अनेक वर्षांच्या देखरेखीत या गोळीमुळे सिकलसेलच्या रुग्णांत कर्करोग वाढल्याचं आढळलेलं नाही.

मग एक गोळी माल पुरवते, दुसरी अडवते, तर दोन्ही एकमेकींना मारत नाहीत का? नाही. फॉलिक ॲसिड एका अक्षराची उणीव भरतं, हायड्रॉक्सीयुरियाचा आवर वेगळ्या पायरीवर असतो, आणि फॉलिक ॲसिडने तो सुटत नाही. हायड्रॉक्सीयुरियाने लाल पेशी आकाराने मोठ्या होतात, फोलेट कमी पडलं तरी तसंच होतं. दोन्ही कारणांची गल्लत होऊ नये म्हणूनही गोळ्या सोबत देतात.

यातली कुठलीही गोळी जनुकातलं अक्षर बदलत नाही. रक्त चढवल्यानेही ते बदलत नाही. आईवडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता नव्याने 25 टक्के असते. पहिलं मूल पीडित निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो.

तेव्हा घरात हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीची, तारीख चुकवू नका. नक्कल मंदावल्याने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार उतरल्या नाहीत ना, हे त्यातच कळतं. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर नवरा असो वा बायको, आधी डॉक्टरांना सांगा. आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका.