रात्री आठला नेट स्लो झालं की व्हिडिओ ॲप अडवायचं का? ‘नेट न्यूट्रॅलिटी’चा नियम आणि गावातला छोटा नेटवाला

संध्याकाळचे आठ वाजलेले असतात. शेतातून, कामावरून माणसं घरी आलेली. एका घरात मॅच, दुसऱ्या घरात मालिका, तिसऱ्या घरात पोरीचा ऑनलाइन क्लास. नेमकं तेव्हाच स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागतं आणि गावातल्या नेटवाल्याचा फोन वाजतो. "दादा, नेट चालेना झालंय. बघा ना जरा."

दादाकडे एक सोपा उपाय असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जायचं आणि सगळ्यात जास्त डेटा खाणाऱ्या व्हिडिओ ॲपचा स्पीड बांधून टाकायचा. दोन मिनिटांचं काम. बाकीच्यांचं नेट लगेच पळायला लागेल. पण रोज रात्री असं एकाच ॲपला अडवून ठेवणं भारतात नियमाविरुद्ध आहे. त्या नियमाचं नाव ‘नेट न्यूट्रॅलिटी’, म्हणजे इंटरनेटवरची समान वागणूक.

हा नियम छोट्या वायरलेस नेटवाल्याचे हात बांधतो, हे खरं. पण हाच नियम त्याला बाजारात टिकायला मदतही करतो. ग्राहकाने आणि नेटवाल्याने दोन्ही बाजू समजून घेतल्या, तर रोजची बरीच भांडणं कमी होतील.

नियम आहे तरी काय?

टोलनाक्यावर गाडी छोटी की मोठी यावरून पैसे घेतात. आत कांदा आहे की द्राक्षं, माल कोणत्या व्यापाऱ्याचा, हे टोलवाला विचारत नाही. इंटरनेटचंही तसंच. कंपनी किती स्पीड आणि किती डेटा देते, यावर पैसे घेऊ शकते. पण ग्राहक त्यातून काय बघतो, कोणतं ॲप वापरतो, यावरून भेदभाव करायचा नाही. अडवायचं नाही, मुद्दाम हळू करायचं नाही आणि पैसे घेऊन कुणाला पुढेही काढायचं नाही.

‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्द अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केला. आपल्याकडे हा विषय पेटला तो २०१४ च्या डिसेंबरमध्ये. इंटरनेटवरून केलेल्या कॉलला वेगळे पैसे लावण्याची घोषणा एअरटेलने केली. ओरड झाल्यावर ती मागे घेतली. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने लोकांची मतं मागवली, तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने पहिला पक्का नियम केला. कोणती वेबसाइट किंवा ॲप वापरता, यावरून डेटाचा दर कमी-जास्त ठेवायचा नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. ठराविकच वेबसाइट फुकट देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्यानंतर भारतातून गेली. स्पीडमधल्या भेदभावाचं कलम २०१८ मध्ये आलं. जुलैमध्ये केंद्राने धोरण मंजूर केलं आणि सप्टेंबरमध्ये इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यातच ही अट घातली गेली. परवान्यातली अट कंपनीचा आकार बघत नाही. देशभर पसरलेल्या कंपनीला जी अट, तीच एका जिल्ह्यापुरत्या परवानाधारकाला. गावात एखाद्या कंपनीची फ्रँचायझी चालवणाराही त्या कंपनीच्या परवान्याखालीच काम करतो.

वायरलेसवाल्याची अडचण वेगळी

सुरगाणा, पेठसारख्या डोंगराळ तालुक्यांत पाडे विखुरलेले असतात. प्रत्येक पाड्यापर्यंत फायबर टाकणं छोट्या धंद्याला परवडत नाही. म्हणून उंचावर टॉवर उभारून तिथून घराघरावरच्या डिशवर सिग्नल सोडतात. यासाठी ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. २०१८ मध्ये केंद्राने या पट्ट्यातल्या ६०५ मेगाहर्ट्झ लहरी परवानामुक्त केल्या. त्यांच्यासाठी लिलाव नाही आणि स्पेक्ट्रमची फी नाही, म्हणूनच कमी भांडवलात हा धंदा उभा राहतो.

पण फुकटच्या लहरी सगळ्यांच्याच. शेजारच्या टॉवरने तोच चॅनल धरला तर सिग्नल एकमेकांत घुसतात. मध्ये झाड वाढलं तरी स्पीड पडतो. शिवाय एका अँटेनाची ताकद तिच्यावरच्या सगळ्या घरांत वाटली जाते.

हिशेब साधा आहे. समजा एका अँटेनावर १०० एमबीपीएस मिळतात आणि तिच्यावर ३० घरं आहेत. चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. म्हणजे २० घरांत एकाच वेळी व्हिडिओ सुरू झाला की १०० संपले. उरलेल्या दहा घरांनी काय करायचं? फायबरवाला जास्त क्षमतेचं यंत्र बसवून मोकळा होतो. वायरलेसवाल्याला नवी अँटेना, नवा चॅनल, कधी कधी नवा टॉवर लागतो.

मग नेटवाल्याने करायचं काय?

नियमात गर्दी सांभाळायला वाव आहे. मात्र उपाय गरजेपुरता हवा, तात्पुरता हवा आणि ग्राहकाला सांगून केलेला हवा. भेद घराघरात करता येतो, तोही प्लॅननुसार. ॲपा-ॲपात करता येत नाही.

हे चालतं:
- गर्दीच्या वेळी प्रत्येक घराला समान वाटा देणं. एका घरात चार मोबाइल चालू आहेत म्हणून त्याने चौघांचं नेट ओढायचं नाही.
- जास्त पैशाच्या प्लॅनला जास्त स्पीड देणं.
- ठरलेला डेटा संपल्यावर सगळंच नेट हळू करणं, जर हे आधी सांगितलेलं असेल.
- व्हायरस किंवा हल्ला रोखण्यासाठी तो ट्रॅफिक अडवणं.
- न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाने एखादी साइट बंद करणं.

हे चालत नाही:
- रोज संध्याकाळी ठराविक व्हिडिओ किंवा गेमचं ॲप दाबून ठेवणं.
- एखाद्या ॲपवाल्याकडून पैसे घेऊन त्याला वेगळी वाट देणं.
- ठराविक ॲपचा डेटा फुकट आणि बाकीच्यांचा मोजून, अशी योजना विकणं.

‘समान वाटा’ देण्याची सोय या धंद्यात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक राउटरमध्ये असते. ती नीट लावली तर मॅच बघणाऱ्याचं चित्र थोडं अंधुक होईल, पण पोरीचा क्लास तुटणार नाही. आणि कुठलं ॲप महत्त्वाचं हे नेटवाल्याला ठरवावं लागणार नाही. कारण ज्या ॲपवर एकाने सिनेमा लावलाय, त्याच ॲपवर दुसरा फवारणीची माहिती बघत असतो.

नियम नसता तर?

छोट्या धंद्यालाही ‘ही अट नकोच’ असं वाटू शकतं. पण अट उठली तर त्याचा उपयोग मोठ्यांनाच जास्त होईल. बड्या कंपनीकडे स्वतःचं नेटवर्कही असतं आणि स्वतःचं व्हिडिओ ॲपही. तिने ‘आमच्या सिमवर आमचं ॲप फुकट’ असं जाहीर केलं, तर चारशे घरांच्या नेटवाल्याने त्याला तोंड कसं द्यायचं? ॲपवाल्या कंपन्याही वेगवान वाटेसाठी पैसे मोजायला कोट्यवधी ग्राहक असलेल्या कंपनीकडेच जातील. पाड्यावरच्या टॉवरवाल्याचा नंबर लागणार नाही.

पैसे घेण्याचा दुसरा प्रकार दक्षिण कोरियात दिसला. तिथे नेटवर्क वापरापोटी मोठा खर्च पडतो म्हणून ‘ट्विच’ ही लाइव्ह व्हिडिओ सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली. आपल्याकडेही जास्त ट्रॅफिक आणणाऱ्या मोठ्या ॲप कंपन्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने केलेली आहे.

छोट्यांनी भेदभाव केल्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेत २००५ मध्ये मॅडिसन रिव्हर नावाच्या ग्रामीण भागातल्या टेलिफोन कंपनीने इंटरनेट कॉलची सेवा अडवली. तिच्या स्वतःच्या फोनच्या धंद्याला त्याचा फटका बसत होता. तिथल्या नियामकाने चौकशी केली. कंपनीने १५ हजार डॉलर भरले आणि अडवणूक थांबवली. अमेरिकेत हा नियम नंतर २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये गेला, २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. तिथल्या छोट्या वायरलेस कंपन्यांनी कागदपत्रांच्या ओझ्याची तक्रार केली होती. छोट्यांसाठी अट कायम ठेवून कागद कमी करणं हा त्यावरचा मधला मार्ग आहे.

नियम जिथे थांबतो

नेट न्यूट्रॅलिटीने सगळे प्रश्न सुटत नाहीत. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपल्या साठ्याची यंत्रं इंटरनेट कंपनीच्या आवारातच ठेवतात. त्यामुळे व्हिडिओ दुरून आणावा लागत नाही आणि खर्च वाचतो. ही व्यवस्था भारतातल्या नियमाच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. मात्र असं यंत्र मिळायला तेवढा वापर लागतो. छोट्याला तो फायदा वरच्या कंपनीकडून किंवा मुंबईसारख्या ठिकाणच्या इंटरनेट एक्स्चेंजवरूनच घ्यावा लागतो.

रिचार्जबरोबर व्हिडिओ ॲपची वर्गणी जोडून देण्यालाही या नियमाने बंदी नाही. आणि छोट्या नेटवाल्याला घाऊक बँडविड्थ कोणत्या दराने मिळावी, हे नेट न्यूट्रॅलिटीत येत नाही. त्यासाठी वेगळे निर्णय लागतात. चहाच्या टपरीवरून, किराणा दुकानातून वायफाय विकता यावं म्हणून डिसेंबर २०२० मध्ये ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर झाली. पण दुकानदारांकडून महागड्या लीज्ड लाइनचे पैसे मागितले जायचे. शेवटी जून २०२५ मध्ये ट्रायने मर्यादा घातली. २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती फायबरच्या दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही.

तुमचं नेट स्लो आहे? आधी हे बघा

- राउटरजवळ बसून स्पीड तपासा. सकाळी एकदा, रात्री आठनंतर एकदा.
- रात्री सगळंच हळू असेल तर ती गर्दी आहे. नेटवाल्याला विचारा, एका अँटेनावर किती घरं आहेत आणि नवी कधी बसवणार.
- एकच ॲप हळू आणि बाकी सगळं सुसाट असेल, तर तेच ॲप मोबाइल डेटावर चालवून बघा. तिथेही हळू असेल तर दोष ॲपचा असू शकतो.
- फक्त तुमच्याच जोडणीवर, तेही रोज त्याच वेळी, तेच ॲप अडत असेल तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि कंपनीला लेखी जाब विचारा.
- कंपनीच्या तक्रार केंद्रातून तक्रार क्रमांक घ्या. तोडगा न निघाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. त्यानंतर दूरसंचार विभागाकडे केंद्राच्या तक्रार पोर्टलवर दाद मागता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

नेटवाल्यानेही एक काम करावं. गर्दीच्या वेळी किती स्पीड मिळेल आणि गर्दी कशी सांभाळली जाते, हे प्लॅनच्या कागदावरच मराठीत छापावं. दहा ओळी पुरतात. रात्री आठला येणारे निम्मे फोन त्याने कमी होतील असं नाही, पण फोनवर काय उत्तर द्यायचं हे तरी दोघांना माहीत असेल.