देव वेगळे, पण आजोबा एकच! सोयरिकीआधी काढा सिकलसेलचा वंशवृक्ष

झरी जामणी : गोंड समाजात सोयरीक जुळवायची म्हटली की आधी देव विचारतात. चार, पाच, सहा की सात? सारख्या देवांत लगीन होत नाही. हा हिशेब म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतो. पण देव बापाकडून येतात अन् सिकलसेल येतो आई-बाप दोघांकडून. गफलत इथंच होते. आत्या दुसऱ्या देवांत दिली, म्हणून तिच्या पोरीशी सोयरीक चालते. रक्ताच्या हिशेबात मात्र दोघांचे आजा-आजी एकच. त्यांच्यातला दोष दोन्ही घरांत उतरलेला असू शकतो. कोलाम पोडांवरही तेच, अन् विदर्भात आदिवासी नसलेल्या समाजांतही हा आजार आहे.

देवांच्या हिशेबाला म्हणून एका कागदाची जोड द्यावी. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, तिच्याखाली लेकरं, थोरलं डावीकडे. वारलेल्यावर तिरपी रेघ. तपासणीत 'एसएस' म्हणजे रुग्ण, त्याची आकृती पूर्ण काळी. 'एएस' म्हणजे वाहक, त्याची अर्धी काळी. 'एए' कोरी. तपासणी झालीच नसेल तर प्रश्नचिन्ह टाकावं, अंदाजानं काळं करू नये. 'सांधे दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे, लहानपणीच गेला' असं घरात कोणाबद्दल बोलत असतील तर तेही बाजूला लिहावं.

आता कागद खालून वर वाचायचा. लेकरू एसएस असेल तर एक दोष आईकडून अन् एक बापाकडून आलेला असतो. एकट्या सुनेला बोल लावायची, बाहेरची बाधा म्हणून पुजाऱ्याकडे फिरायची गरजच नाही. बाप वाहक निघाला तर त्याच्या भावाबहिणींचीही तपासणी करावी.

दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात एसएसची शक्यता २५ टक्के, वाहकाची ५० अन् पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. 'पहिलं आजारी झालं, आता पुढचे तीन चांगले' हा समज चुकीचा आहे. दर वेळी चिठ्ठी नव्यानं पडते. एक वाहक अन् दुसरा एए असेल तर एसएस लेकरू होत नाही. तेव्हा वाहक आहे एवढ्यावरून पोरीचं स्थळ मोडणं हा शुद्ध अन्याय आहे. वाहक माणूस शेतात इतरांसारखाच राबतो.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. आशाताईंना विचारलं की तपासणी कुठं अन् कधी ते कळतं. एक लक्षात ठेवा, पहिल्या सोल्युबिलिटी चाचणीत 'पॉझिटिव्ह' एवढंच समजतं. वाहक की रुग्ण, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीतच कळतं. तो रिपोर्ट येईपर्यंत चौकोन काळा करू नका.

लगीन होऊन गेलं अन् दोघेही वाहक निघाले, तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगावं. पोटातल्या बाळाची तपासणी मोठ्या दवाखान्यात साधारण तिसऱ्या महिन्यात होते. उशीर झाला की ती वेळ निघून जाते.

आपल्या तालुक्यातल्या कितीतरी पोरी आदिलाबादकडे दिलेल्या आहेत. कागद भरताना त्यांनाही एक फोन लावा.