सदऱ्याची बगल कां उसवते?

मुलाचा नवा सदरा दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यालाच बगलेंत उसवला, म्हणजे घरांत पहिला दोष दोऱ्याला मिळतो आणि दुसरा मुलाच्या दांडगाईला. पुष्कळ वेळां दोघेही निरपराधी असतात. खरी चूक कात्री हातीं घेण्यापूर्वींच झालेली असते.

सुती कापड म्हणजे उभ्या व आडव्या धाग्यांची वीण. मागावर हे धागे ताणलेले असतात. पाणी लागलें कीं ते ताण सोडतात व कापड आटतें. म्हणून कोरें कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेतावें. उभे धागे सामान्यतः अधिक बळकट असतात; यास्तव सदऱ्याची लांबी किनारीला समांतर धरावी. कोनाकोनानें, म्हणजे उरेब, कापलेलें कापड मात्र ओढल्यास लांबतें. अंगाच्या भागांत हा दोष. परंतु गळ्याच्या पट्टीस तोच गुण ठरतो, कारण उरेब पट्टी वळणावर चुणी न पडतां बसते.

टाक्यांचेंही तसेंच आहे. धावदोरा भराभर पडतो, पण एके ठिकाणीं तुटला कीं सुटत जातो. तो कच्च्या जोडणीपुरताच बरा. जेथें ताण पडावयाचा तेथें टीप हवी. हाताच्या टिपेंत सुई दरवेळीं एक टाका मागें येऊन पुढें जाते, त्यामुळें शिवण भरीव होते. एलिअस हॉव यानें १८४६ सालीं अमेरिकेंत ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांत सुईचा वरचा दोरा व धोट्याचा खालचा दोरा कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकत असत. पुढील यंत्रांचेंही तत्त्व हेंच. दोहोंचा ताण सारखा नसला, तर एक दोरा सरळच राहतो आणि ओढ बसतांच टीप निघते.

इतकें संभाळूनही बगल उसवली, तर चौबगळा आठवावा. हात वर होतांच अंग व बाही यांची सारी ओढ एका बिंदूवर येते. जुने शिंपी तेथें तीन-चार बोटें रुंदीचा चौकोनी तुकडा बसवीत. ओढ त्याच्या कर्णावर, म्हणजे उरेब दिशेनें पडते. तुकडा थोडा लांबतो आणि शिवण वांचते.

युद्धकाळांत कापड महाग व दुर्मिळ झालें आणि १९४३ सालीं त्यावर सरकारी नियंत्रण आलें, तेव्हां अशा चिंधीचें मोल घराघरांतून कळलें. वाढत्या मुलाचा सदरा शिवतांना शिवणींत थोडें जास्त कापड दाबून ठेवतात. पुढच्या वर्षीं टीप उसवून तोच सदरा सैल करतां येतो. शिवणकामांत या राखून ठेवलेल्या कापडाला 'माया' म्हणतात. आणि घरच्या शिवणीचें सारें मर्म त्या एका शब्दांत आहे.