पेला कोणाचा?

डोंबिवली स्थानकाबाहेरील चहाच्या गाडीपाशी सायंकाळी कारकून, रिक्षावाला, कारखान्यातून सुटलेला कामगार आणि शिकवणीहून परतणारा विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उभे असतात. काचेचा पेला एकाच्या हातून बादलीत जातो, विसळला जातो आणि दुसऱ्याच्या ओठांना लागतो. तो आधी कोणी उष्टावला होता, याची चौकशी कोणी करीत नाही.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल न्या. रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला होता. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला, आणि रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. वस्तुतः आगगाडी १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला येऊन पोहोचली होती. एका बाकावर बसणे लोकांनी स्वीकारले, पेल्याचे मात्र तसे झाले नाही. पुढे कित्येक वर्षे देशातील स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ अशा आरोळ्या वेगवेगळ्या उठत. चहाचीही तीच तऱ्हा होती.

ही कोंडी फोडण्यात सुधारकांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, वाटा मळेवाल्यांच्या गरजेचा होता असे म्हणावे लागते. आसामचा चहा पिकत होता तो प्रामुख्याने इंग्लंडसाठी. जागतिक मंदीत भाव कोसळले, १९३३ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आली आणि शिल्लक मालाला देशातच गिऱ्हाईक शोधणे भाग पडले. चहावरील उपकराच्या पैशातून प्रचारक बाजारांत, स्थानकांवर, गिरण्यांत चहा करून दाखवू लागले. विक्रेत्याला जात परवडत नाही. यात औदार्य शोधण्याचे कारण नाही. पुढे यंत्राने दाणेदार केलेली स्वस्त पूड आली. कमी पुडीत अधिक कप होऊ लागले. भाव चढले तरी तल्लफ सुटत नाही, म्हणून मुंबईकराने पेलाच अर्धा केला. ‘कटिंग’ हे गरजू ग्राहकाचे स्वतःचे अंदाजपत्रकच होय!

दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना आणि पॅराग्वे या देशांत ‘माते’ नावाचे असेच तरतरी आणणारे पेय आहे. वाळलेला पाला तुंबडीत भरून त्यावर गरम पाणी ओततात आणि धातूच्या एकाच नळीने मंडळी आळीपाळीने ते पितात. मूळचे हे ग्वारानी आदिवासींचे पेय. जेझुइट मिशनऱ्यांनी त्याची लागवड वाढविली. तेथे नळी दुसऱ्याच्या हाती देणे हाच स्नेह. २०२० च्या साथीत अर्जेंटिनाच्या सरकारला ‘माते वाटून पिऊ नका’ असे सांगावे लागले, तेव्हा तो लोकांना मोठाच त्याग वाटला. तेथे पेल्याच्या वाटणीला आड आला तो केवळ रोग.

आपल्याकडे रोग नसतानाही ती अडते. ठाण्या-डोंबिवलीच्या अनेक सदनिकांत धुणीभांडी करणाऱ्या बाईंना सकाळचा चहा अगत्याने दिला जातो. त्यात आलेही असते, गवती चहाही असतो. परंतु त्यांचा कप निराळा. बहुधा कान तुटलेला, आणि इतर कपांपासून दूर, खिडकीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला. घरातील सारे कप त्याच बाई घासतात. त्या घरचे गृहस्थ सायंकाळी लोकलमधून उतरतात आणि स्थानकाबाहेर, बादलीत विसळलेला पेला उचलतात.