नागपूरहून कोकणात कायमचं जायचंय? मग मालवणच्या आधी कुडाळ बघा

रिटायरमेंटनंतर सिंधुदुर्गात घर घ्यायचं, असं आपल्याकडचे बरेच जण बोलतात आणि बोट ठेवतात थेट मालवणवर. मालवण सुंदरच आहे, पण तिथे रेल्वे नाही. कुडाळ मात्र कोकण रेल्वेवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून आणि जिल्ह्याचं मुख्यालय ओरोस तिथून जवळ. समुद्र तासाभरावर. रोज राहायला माझं मत कुडाळला, नाहीतर सावंतवाडीला. वेंगुर्ला शांत आहे, पण तिथेही स्टेशन नाही.

आता हवा. आपला कूलर इथेच कोणाला तरी देऊन टाका. दमट हवेत तो खोली गार करत नाही, उलट चिकचिक वाढवतो. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी चढते आणि किनाऱ्यालगत खिडकीचे गज गंजतात. पाऊस नागपूरच्या दुप्पट-तिपटीहून कमी नाही.

जमिनीचं प्रकरण जरा किचकट आहे. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. विदर्भातला सातबारा तिथे चालतो. पण कोकणातल्या सातबाऱ्यावर चुलत-चुलत भावंडांच्या नावांची लांबलचक यादी असते, निम्मे मुंबईत. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत इसार देऊ नका. 'सी-व्ह्यू' प्लॉट असेल तर सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशा आधी मागा, भरतीरेषेजवळ बांधकामावर कडक बंधनं आहेत.

आणि हो, पवनार ते पत्रादेवी या नियोजित शक्तिपीठ महामार्गाच्या भरवशावर कोणी भाव वाढवून सांगत असेल तर हसून चहा प्या. घर घेण्याआधी जून ते सप्टेंबर तिथे भाड्याने राहा.