गोठ्याजवळचे रोगनिदान : खर्च कमी, खात्री किती?

२०२२ मध्ये मध्य प्रदेशात लंपी चर्मरोग पसरला, तेव्हा पुष्टीसाठी नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवले जात. जबलपूर भागातून हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. अहवाल येईपर्यंत बाधित जनावर कळपातच राहिल्यास माश्या, डास व गोचीड रोगाचा प्रसार करतात. जबलपूरला १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असून २००९ मध्ये तेथे नानाजी देशमुख पशुवैद्यक विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. अशा केंद्रांत आणि पुढे थेट गोठ्यात करता येणारी अल्पखर्चाची चाचणी हे दिवस वाचवू शकते.

पीसीआर चाचणी विषाणूचे जनुकद्रव्य अचूक ओळखते. परंतु तिला तापमान वारंवार बदलणारे महागडे यंत्र व प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. लॅम्प चाचणीत जनुकद्रव्याची वाढ ६० ते ६५ अंश सेल्सिअस या एकाच तापमानाला, साधारण तासाभरात होते. त्यामुळे साधे तापक उपकरण पुरते आणि रंगबदल डोळ्यांनी दिसतो. पट्टी चाचणी याहून सोपी असली, तरी सामान्यतः कमी संवेदनशील असते. रेघ उमटली नाही म्हणून जनावर निरोगी ठरत नाही.

लसीकरणामुळे निदान अधिक अवघड होते. लाळ-खुरकुताच्या शुद्ध केलेल्या लसीत विषाणूची असंरचनात्मक प्रथिने जवळपास नसतात. त्यांविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी त्यामुळे लागण आणि लस यांत फरक करू शकते. लंपीसाठी शेळी-देवीची जिवंत लस दिल्यास प्रतिपिंडांवरून असा भेद करता येत नाही; तेथे जनुकीय चाचणीच हवी.

अशा चाचण्यांना पूर्वानुभवाचा आधार आहे. बुळकांडी निर्मूलनाच्या काळात डोळ्यांतील स्रावातून विषाणू ओळखणारी पट्टी पाकिस्तान व पूर्व आफ्रिकेत गोठ्याजवळ वापरली गेली. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त घोषित झाले.

तथापि, नमुना चुकला तर उत्तम चाचणीही निष्फळ ठरते. लंपीचा विषाणू रक्तात थोडेच दिवस, तर गाठी व खपल्यांत दीर्घकाळ आढळतो. पशुवैद्यकाने खपली निर्जंतुक कुपीत व रक्त ईडीटीए नळीत घेऊन बर्फाच्या डब्यातून पाठवावे. सोबत बिल्ला क्रमांक, लक्षणे दिसल्याची आणि लसीकरणाची तारीख नोंदवावी. संशयित जनावर मात्र निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी वेगळे बांधावे.